कापड तुमचं, शिलाई माझी: दरावरून वाद झाला की दाखला कसा द्यायचा

"ताई, एवढ्याशा ब्लाऊजचे साडेपाचशे?" हे वाक्य मी गेली सतरा वर्षं ऐकतेय. चिंचवडला घरीच शिवते, बाहेरच्या खोलीत दोन मशीन, एक टेबल, भिंतीला आरसा, एवढंच माझं दुकान. सुरुवातीची पाच-सहा वर्षं हे वाक्य ऐकलं की मी लगेच पन्नास कमी करायचे आणि मग रात्री हुक लावत बसले की मनातल्या मनात चडफडायचे. नंतर भांडायला लागले, "परवडत नसेल तर दुसरीकडे जा" म्हणायचे, त्यात चांगली गिऱ्हाइकं गेली. दोन्हीकडून नुकसान माझंच. मग हळूहळू लक्षात आलं की बायका काही मुद्दाम हाल करायला येत नाहीत, त्यांना दर जास्त वाटतो कारण त्यातलं अर्धं काम त्यांना दिसतच नाही, डोळ्यासमोर असतो तो ऐंशी सेंटिमीटरचा कपडा. जे दिसत नाही ते दाखवायचं तर त्यांच्या ओळखीच्या गोष्टीचा दाखला द्यावा लागतो. आणि दाखला चुकला तर काम बिघडतं, म्हणून हे सगळं नीट लिहून काढतेय. मी शिलाईबद्दलच बोलणार, मला तेच येतं, पण मेंदी काढणाऱ्या, घरी जाऊन फेशियल करणाऱ्या, डबा देणाऱ्या, शिकवण्या घेणाऱ्या सगळ्यांना हे लागू पडेल असं मला वाटतं.

पायरी १: आधी वही घ्या, दाखला नंतर

दाखल्याच्या पाठीशी आकडा नसेल तर समोरची दुसऱ्या प्रश्नाला तुम्हाला गप्प करते. म्हणून एक आठवडा फक्त लिहायचं. माझा अस्तराचा साधा ब्लाऊज घ्या. माप घेणं आणि गळा-बाही ठरवणं दहा मिनिटं, अस्तर पाण्यातून काढून वाळवून इस्त्री (ते आधी आटवलं नाही तर पहिल्या धुण्यातच ब्लाऊज आक्रसतो), बेतायला अर्धा तास, शिवायला दोन तास, मग हुक, काज, तुरपाई हातशिलाईने अर्धा-पाऊण तास. झाले साडेतीन तास. अस्तर, दोरा, हुक, वीज धरून साधारण १०० रुपये खर्च. ५५० मधून १०० गेले की ४५०, भागिले साडेतीन, म्हणजे तासाला १२८ रुपये.

पण खरा हिशोब इथे संपत नाही, आणि बहुतेक जणी इथेच थांबतात. दिवसाच्या आठ तासांतले दोन तास सुई चालतच नाही, फोन, ट्रायल, ऑल्टर, मॅचिंग अस्तरासाठी रविवार पेठेची चक्कर. सहा तासांचे ७६८ रुपये आठ तासांवर वाटले की तासाला ९६. हा आकडा मी पहिल्यांदा काढला तेव्हा बराच वेळ वहीकडे बघत बसले होते. तो गिऱ्हाईकाला सांगायचाच असं नाही, पण तो माहीत असला की आवाज आपोआप स्थिर होतो आणि पन्नास कमी करताना आपण काय सोडतोय ते कळतं.

पायरी २: तक्रार नेमकी कसली ते ऐका

"महाग आहे" ही तक्रार नसते, तिच्या मागे दुसरं काहीतरी असतं. कुणी म्हणते कापड तर माझंच आहे. कुणी म्हणते साडीच आठशेची. कुणी म्हणते तुम्हाला काय, तासाभराचं काम. कुणी रेडीमेडचा भाव सांगते, कुणी पलीकडच्या बिल्डिंगमधल्या बाईचा. प्रत्येकीला वेगळं उत्तर लागतं. ऐकून न घेता पाठ केलेला दाखला फेकला तर तो भलत्याच प्रश्नाचं उत्तर होतो. म्हणून मी आता आधी विचारते, "तुम्हाला कशाच्या मानाने जास्त वाटतंय?" या एका प्रश्नाने निम्मं काम होतं, कारण बाई स्वतःच सांगते की ती मनात कशाशी तुलना करतेय. तुलना तर तिने आधीच केलेली असते, आपण फक्त ती नीट जुळतेय का ते बघायचं.

पायरी ३: ज्या मुद्द्यावर अडलंय तिथेच जुळणारा दाखला निवडा

कापड तर माझंच आहे, असं म्हणणारीला मी गिरणी आठवून देते. गहू आपलेच, डबा आपला, तरी दळायचे पैसे देतोच ना? सणाच्या दिवसात मी पुरणपोळीचा दाखला काढते. डाळ-गूळ-कणीक सगळं तुम्ही नेऊन दिलंत तरी पुरण शिजवून, वाटून, लाटून देणारी मजुरी घेणारच, आणि ती मजुरी डाळीच्या भावावर ठरत नाही. हा दाखला मला सगळ्यात जास्त आवडतो, कारण जिने आयुष्यात एकदा तरी वीस पोळ्या लाटल्यात तिला पुढे काही समजवावं लागत नाही.

साडीच आठशेची, मग शिलाई साडेपाचशे कशी? इथे रिक्षा. तुम्ही रिक्षाने मंडईत कोथिंबीर आणायला जा नाहीतर लक्ष्मी रोडला सोनं घ्यायला जा, अंतर तेवढंच तर मीटर तेवढंच. साडी आठशेची असो की आठ हजारांची, मुंढा, टक्स, गळा, बाही सगळं तितकंच बेतावं लागतं.

तासाभराचं काम, याला उकडीचे मोदक. नवीन मुलगी एकवीस मोदकांना दुपार घालवते आणि चार फुटतात, हात बसलेली काकू गप्पा मारत तासात संपवते आणि कळ्या सारख्या येतात. काकूला वेळ कमी लागला म्हणून मोदक स्वस्त मागतो का आपण? नगावर भाव असतो. माझी मुलगी इकॉनॉमिक्स शिकते, तिने मला याच मुद्द्यावरची लंडनची एक जुनी केस सांगितली. व्हिसलर नावाच्या चित्रकाराच्या एका चित्राला रस्किन या टीकाकाराने छापून नावं ठेवली, म्हणून त्याने भरलेला बदनामीचा खटला १८७८ साली चालला, त्या चित्राची किंमत होती २०० गिनी (गिनी म्हणजे तेव्हाचं इंग्रजी चलन). रस्किनच्या वकिलाने कोर्टात व्हिसलरला विचारलं की दोन दिवसांच्या कामाचे तुम्ही इतके पैसे मागता? तर तो म्हणाला, नाही, आयुष्यभर काम करून जे ज्ञान मिळवलं त्याचे मागतो. ऐकून मला इतकं बरं वाटलं! पण मुलीने पुढचंही सांगितलं. तो केस जिंकला खरा, पण भरपाई मिळाली एक फार्दिंग, म्हणजे एका पेनीचा चौथा भाग, आणि खटल्याचा खर्च अंगावर येऊन पुढच्याच वर्षी त्याचं दिवाळं निघालं. तेव्हापासून मला पटलंय की उत्तर कितीही सुंदर असलं तरी त्याने पोट भरत नाही, वाद जिंकण्यापेक्षा काम मिळणं आणि पैसे मिळणं महत्त्वाचं.

रेडीमेड चारशेला मिळतो म्हणणारीला मी एसटी आणि रिक्षा सांगते. एसटी स्वस्त आहे आणि चांगली आहे, पण ती तिच्या स्टॉपवर थांबते, तुमच्या दारात येत नाही. ज्यांचं घर स्टॉपजवळ आहे त्यांनी एसटीनेच जावं. हे मी मनापासून सांगते, ज्यांना रेडीमेड ३४ किंवा ३६ नीट बसतो त्यांनी तो घ्यावा, त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. पण एक खांदा उतरता असेल, ऑपरेशन झालेलं असेल, बाळंतपणानंतर मापं बदलली असतील, तर स्टॉपपासून घरापर्यंत चालावं लागतंच.

पलीकडची तीनशेला शिवते, यावर पलीकडचीला अजिबात नावं ठेवायची नाहीत. ती पण आपल्यासारखीच पोटासाठी शिवतेय. लिमिटेड थाळी आणि पूर्ण थाळी, एवढाच दाखला. तीनशेत अस्तर धरलंय का, तुरपाई हाताची की मशीनची, आत मार्जिन किती सोडते, नंतर सैल-घट्ट करायचे वेगळे घेते का, हे विचारून या म्हणते. बऱ्याचदा तिचा भावही जोडून जोडून जवळपास तिथेच येतो, आणि नाही आला तर मग ती खरंच स्वस्त आहे, जाऊ दे की.

अर्जंटचे जादा का? तत्काळ तिकीट. गाडी तीच, बर्थ तोच, पण उद्याच जायचंय म्हणून जादा पडतात. याचा दुसरा फायदा असा की कन्फर्म तत्काळ तिकीट रद्द केलं तर पैसे परत मिळत नाहीत हे सगळ्यांना माहीत असतं, त्यामुळे अर्जंटला अ‍ॅडव्हान्स मागायला अवघड जात नाही.

दरवर्षी भाव का वाढवता, हा प्रश्न मला फार वर्षं अडवायचा, कारण मी तेच काम तितक्याच वेळात करते हे खरंच आहे. याचंही उत्तर मुलीच्या अभ्यासातून मिळालं. बॉमोल आणि बोवेन या दोन अमेरिकन अर्थतज्ज्ञांनी १९६६ मध्ये नाटक-संगीताच्या धंद्याबद्दल हे मांडलं होतं. कारखान्यात यंत्रं सुधारतात, एक माणूस आधीपेक्षा कितीतरी जास्त माल काढतो, म्हणून पगार वाढले तरी वस्तू महाग होत नाही. पण चार वादकांची जुनी रचना वाजवायला आजही चारच माणसं आणि तेवढाच वेळ लागतो, आणि त्यांनाही घर चालवायचं असतंच. मी गिऱ्हाईकाला हे केस कापण्यावर आणून सांगते: तुमच्या मिस्टरांचे केस कापायला वीस वर्षांपूर्वी जेवढा वेळ लागायचा तेवढाच आज लागतो, पण न्हाव्याचं घरभाडं, गॅस, मुलांची फी वीस वर्षांपूर्वीची राहिलीय का? माझी तुरपाईसुद्धा त्यातलीच. पटतं.

क्वचित एखाद्या आजी म्हणतात, आमच्या गावी पूर्वी वर्षाच्या धान्यावर कामं व्हायची, पैशाचं कुणी नावच काढायचं नाही. बरोबर आहे, पण सुतार, लोहार, न्हावी यांना सुगीला बलुतं मिळायचं ते एका कामाचं नव्हे, वर्षभराच्या सगळ्या कामाचं, आणि ते काम करायचं की नाही हे ठरवायची मुभाही त्यांना फारशी नव्हती. मी नगावर शिवते. हे आजींशी वाद न घालता, हसत सांगायचं, त्यांचं वय बघायचं.

पायरी ४: दाखला उलटा करून बघा

ही पायरी बायका गाळतात आणि मग अडकतात. रिक्षाचा दाखला देऊन मी एकीला गप्प केलं, आणि दोन महिन्यांनी तीच बाई येवल्याची पैठणी घेऊन आली. मी आठशे सांगितले. ती म्हणाली, "ताई, मीटर तेवढंच असतं म्हणाला होतात ना?" मला उत्तर सुचलं नाही. तिचं बरोबरच होतं, साडी महाग म्हणून दर वाढवणार असेन तर रिक्षाचा दाखला माझा राहतच नाही.

घरी बसून विचार केला तेव्हा कळलं की पैठणीचे जास्त घेते त्याचं कारण साडीची किंमत नाहीच. दोन्ही बाह्यांवर काठ सारख्या उंचीला यायला पाहिजे, मोर एका बाहीवर वर आणि दुसरीवर खाली असून चालत नाही, जरीत आणि रेशमात चुकीची शिलाई उसवली की भोकं राहतात, आणि पीस एकच असतो, चुकला तर बाजारात दुसरा मिळत नाही. वेळ जास्त जातो आणि जोखीम जास्त. त्याला दाखला आहे काचेच्या सामानाचा, टेम्पोवाला तोच, अंतर तेच, पण काचेचं कपाट न्यायचं तर तो दोन माणसं जास्त घेतो, सावकाश चालवतो आणि त्याचे पैसे लावतो. आता पैठणीला मी हाच सांगते.

म्हणून दाखला वापरायच्या आधी स्वतःला तीन गोष्टी विचारायच्या. ज्या मुद्द्यावर वाद आहे त्यात दोन्ही गोष्टी खरंच सारख्या आहेत का. कुठे वेगळ्या आहेत. आणि हाच दाखला समोरचीने माझ्यावर उलटवला तर मी काय म्हणेन. तिसऱ्याला उत्तर नसेल तर तो दाखला ठेवून द्यायचा.

याच कारणाने डॉक्टरचा दाखला मी कधीच देत नाही. "डॉक्टर पाच मिनिटांचे पाचशे घेतात, तेव्हा बोलता का?" हे बऱ्याच जणी बोलतात. समोरची मनात लगेच म्हणते की ते साडेपाच वर्षं शिकलेत, आणि मग भांडण शिलाईवरून शिक्षणावर जातं. आपलं कामही मोठंच आहे, पण ते दाखवायला डॉक्टरच्या शेजारी उभं राहायची गरज नाही. दुसरा नको असलेला दाखला म्हणजे "पिझ्झाला सहाशे देता तेव्हा काही वाटत नाही". तिच्या घरचा खर्च हा तिचा प्रश्न आहे, आपण तो काढला की ती दुखावते आणि परत येत नाही.

पायरी ५: एक वाक्य, मग आकडा, मग गप्प

दाखला लांबला की तो भाषण होतो. माझं बोलणं साधारण असं असतं.

"कापड माझंच आहे ना पण, मग एवढे कसे?"

"काकू, पुरणपोळीला डाळ-गूळ तुम्ही दिलंत तरी लाटणारीची मजुरी असतेच ना, तसंच हे. अस्तर, तुरपाई आणि एकदा फिटिंग धरून साडेपाचशे होतील."

आणि इथे गप्प बसायचं. हे गप्प बसणं सगळ्यात अवघड आहे, जीभ वळवळते, "बरं पाचशे द्या" असं तोंडातून निघायला बघतं. टेप गुंडाळा, वही उघडा, काहीही करा पण बोलू नका. तिला विचार करायला वेळ पाहिजे असतो. कमी करायचंच झालं तर काम कमी करून भाव कमी करायचा, बिनअस्तराचा चारशे, लटकन नको असेल तर तेवढे वजा, पण तेच काम कमी पैशात नाही.

आणि दाखला तिच्या घरातला, तिच्या कामातला असला तर फार लवकर पोचतो. शिक्षिका असेल तर तिला पेपर तपासण्याचं सांगा, वर्गातला तास दिसतो, घरी तपासलेले गठ्ठे दिसत नाहीत. बँकेत असेल तर काउंटर बंद झाल्यावर बसून केलेल्या हिशोबाचं. डबा करणारी असेल तर तिला काहीच सांगावं लागत नाही, ती भाव करतच नाही असा माझा अनुभव आहे.

पायरी ६: तिचा दाखला बरोबर असेल तर मान्य करा

बँकेतून रिटायर झालेल्या एक काकू माझ्याकडे यायच्या. त्यांना मी रिक्षाचं सांगितलं तर शांतपणे म्हणाल्या, "अगं, रिक्षाला मीटर असतं, समोर दिसतं. तुझं मीटर कुठंय? मागच्या वेळी साडेचारशे म्हणालीस, माझ्या जावेला पाचशे सांगितलेस." मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. पण रात्रभर ते डोक्यातून गेलं नाही. मी खरंच माणूस बघून भाव सांगत होते, थोडं मनाने, थोडं भीतीने.

दुसऱ्या दिवशी मी दरपत्रक केलं. साधा, अस्तराचा, कटोरी, प्रिन्सेस कट, पॅडचा, पैठणीचा, पायपिंगचे जादा, अर्जंटचे जादा, पंधरा दिवसांत ऑल्टर फुकट. छापून आरशाशेजारी लावलं आणि व्हॉट्सअ‍ॅपला पण टाकलं. त्यानंतर वाद निम्म्याने कमी झाले, माझ्या कुठल्याच दाखल्याने एवढा फरक पडला नव्हता. काकूंनी दाखला मला हरवायला दिलाही असेल, पण फायदा माझा झाला. त्यामुळे समोरून दाखला आला की लगेच प्रतिदाखला शोधायला लागू नका, आधी बघा तो खरा आहे का. खरा असेल तर "हे बरोबर बोललात" म्हणायचं आणि स्वतःत काय बदलायचं ते बदलायचं. अर्धा खरा असेल तर जेवढा जुळतो तेवढा मान्य करून वेगळं काय आहे ते सांगायचं.

जिथे दाखला देऊच नये

ब्लाऊज आपण बिघडवला असेल तर. तेव्हा "सुगरणीचाही कधी भात करपतो" वगैरे सांगायचं नाही, माफी मागायची, कापडाचे पैसे द्यायचे किंवा नवीन शिवून द्यायचा. मी एकदा एकीच्या मुलीच्या साखरपुड्याचा ब्लाऊज मुंढ्यात घट्ट केला होता आणि त्या दिवशी कारणं देत बसले, ते मला आजही खुपतं.

जिच्याकडे खरंच पैसे नाहीत तिलाही नाही. ती वाद घालत नसते, विचारत असते. तिच्याशी हप्त्याचं बोलायचं.

आणि नात्यात तर नाहीच. नणंद, मावसबहीण, शेजारची वहिनी यांना रिक्षा आणि तत्काळ सांगितलं की ते टोचतं. तिथे मी बिलावर पूर्ण ५५० लिहिते, खाली "माझ्याकडून १५०" असं लिहून वजा करते. दिलं ते कळतं आणि दर मोडत नाही.

हेच माप आपल्यालाही

आपण पैसे घेणाऱ्या असतो तशाच देणाऱ्याही असतो, आणि तिकडे गेलो की आपल्याही तोंडी "एवढ्याशा कामाचे एवढे?" येतं. माझ्याकडे भांडी-फरशीला मावशी येतात, नऊ वर्षं झाली. गेल्या गौरी-गणपतीत घरी पंधरा-सोळा पाहुणे होते, चार दिवस सिंक भरून भांडी. महिन्याच्या शेवटी मावशींनी जादा पैसे मागितले, मी म्हणाले, "मावशी, महिन्याचं ठरलेलं आहे ना आपलं?" त्या पदराला हात पुसत आरशाशेजारच्या दरपत्रकासमोर उभ्या राहिल्या. वाचता थोडंफार येतं त्यांना. बोट ठेवून म्हणाल्या, "ताई, इथं अस्तराचे येगळे, घाईचे येगळे, आन् माझ्या पाहुण्यांच्या भांड्यांचे येगळे नाहीत व्हय?"

मी त्यांना बसवलं, चहा टाकला आणि वहीत नवीन पान काढलं. पाहुणे आले तर दिवसाचे वेगळे, सणाच्या मोठ्या भांड्यांचे वेगळे, दिवाळीचा बोनस वेगळा, आकडे त्यांनी सांगितले आणि मी लिहिले. आता ते पान फ्रीजवर लावलेलं आहे.